थ्री पॉइंट सिक्सचा हिशेब

मागच्या डिसेंबरातली गोष्ट. नाशकात इंदिरानगरच्या आमच्या सोसायटीतला एक मुलगा पेढ्यांचा पुडा घेऊन आला. "काका, प्लेसमेंट झाली. थ्री पॉइंट सिक्स." मागोमाग त्याची आई आली. तिच्या मोबाइलवर ऑफर लेटर उघडलेलं होतं. वडील अंबडच्या एका कारखान्यात कामाला, घरची थोडी शेती निफाड तालुक्यात. आईने पेढा हातावर ठेवला आणि लगेच विचारलं, "तीन लाख साठ हजार म्हणजे महिन्याला तीस हजार येतील, बरोबर ना?"

भागाकार बरोबर होता, पण हातात तीस हजार येणार नव्हते. ते का येणार नव्हते, हा आकडा मुळात ठरतो कसा, तो मिळणाऱ्यांची संख्या एका वर्षी दुप्पट आणि दुसऱ्या वर्षी निम्मी का होते, हे त्या संध्याकाळी चहा संपेपर्यंत सांगून झालं नाही. म्हणून आता सावकाश लिहितो.

कागदावरचे तीस, हातातले तेवीस

ऑफर लेटरच्या पहिल्या पानावर असतो तो आकडा पगाराचा नसतो. तो 'सीटीसी', म्हणजे त्या माणसापायी कंपनीला वर्षभरात येणारा सगळा खर्च. खरा मजकूर शेवटच्या पानावरच्या तक्त्यात असतो. प्रत्येक कंपनीचा तक्ता वेगळा, पण नमुन्यादाखल एक मांडू.

समजा, बेसिक महिन्याला 15,000, घरभाडे भत्ता 6,000 आणि स्पेशल अलाउन्स 4,000. हे झाले 25,000. उरलेले पाच हजार कुठे गेले? पीएफमधला कंपनीचा वाटा 1,800. ग्रॅच्युइटी आणि आरोग्य विम्याचा हप्ता मिळून 1,200. आणि व्हेरिएबल पे वर्षाचे 24,000, म्हणजे महिन्याला 2,000. हे पाच हजार सीटीसीत मोजलेले असतात, दरमहा खात्यात पडत नाहीत.

आता राहिलेल्या 25,000 मधूनही कपात आहे. पीएफमधला आपला वाटा बेसिकच्या 12 टक्के, म्हणजे 1,800. महाराष्ट्रात व्यवसाय कर 200 रुपये, फेब्रुवारीत 300. हातात येतात 23,000. याच तक्त्यावर मुलगी रुजू झाली तर तिला 23,200 मिळतील, कारण 2023च्या एप्रिलपासून महिन्याला 25,000 पर्यंत पगार असलेल्या महिलांना राज्यात व्यवसाय कर माफ आहे. आयकराची इथे काळजी नाही. नव्या करप्रणालीत 2025-26 या आर्थिक वर्षापासून पगारदाराला पावणेतेरा लाखांपर्यंत कर लागत नाही.

न दिसणारे हे सात हजार सगळेच वाया जात नाहीत. पीएफचे दोन्ही वाटे आपलेच असतात. कंपनीच्या 1,800 पैकी 1,250 पेन्शन योजनेत जातात, बाकीचे खात्यावर साठतात. ग्रॅच्युइटीची गोष्ट वेगळी. कायम नोकरीत ती साधारण पाच वर्षं भरल्यावरच मिळते आणि आयटीत पहिल्या कंपनीत पाच वर्षं टिकणारे थोडे. तेव्हा बहुतेक फ्रेशरसाठी तो आकडा कागदावरच राहतो. व्हेरिएबल पे तर नावाप्रमाणेच. कंपनीचा तिमाही निकाल आणि आपलं रेटिंग यांवर तो पूर्ण येईल, अर्धा येईल किंवा येणारही नाही.

21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या कामगार संहितांनी या तक्त्यात एक बदल केला आहे. पूर्वी बेसिक मुद्दाम कमी ठेवून भत्त्यांची रांग लावण्याची पद्धत होती. बेसिक कमी असलं की पीएफ आणि ग्रॅच्युइटीचा भारही कमी. आता भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून जास्त झाले, तर वरचा भाग वेतनातच धरायचा आहे. त्यामुळे तक्ता बघताना बेसिक निम्म्याच्या आसपास आहे का, हे आधी पाहावं.

पोस्टरवरचा आकडा

गंगापूर रोडला किंवा त्र्यंबक रस्त्याला जून-जुलैत चक्कर मारा. कॉलेजांच्या फलकांवर मुलामुलींचे फोटो आणि खाली पॅकेजचे आकडे असतात. नाशिक जिल्ह्यात अभियांत्रिकी कॉलेजं भरपूर. पंचवटीतलं के. के. वाघ 1984 पासूनचं, मराठा विद्या प्रसारक समाजाचं कर्मवीर बाबूराव ठाकरे कॉलेज गंगापूर रोडला, महिरावणीला संदीप फाउंडेशन, आडगावला भुजबळ नॉलेज सिटी. शिवाय चांदवड, एकलहरे आणि सिन्नरच्या बाजूला आणखी. प्रत्येकाला प्रवेश हवेत आणि पालक पहिला प्रश्न प्लेसमेंटचा विचारतात.

फलकावर 'सर्वोच्च' आकडा असतो, फार तर 'सरासरी'. एका काल्पनिक वर्गाचं उदाहरण घेऊ. शंभर मुलं. साठ जणांना नोकरी लागली. त्यातल्या एकाला 20 लाखांची, पाच जणांना 7 लाखांची आणि उरलेल्या चोपन्न जणांना साडेतीन लाखांची. फलकावर छापलं जाईल 'सर्वोच्च 20 लाख'. सरासरी काढली तर चार लाखांच्या थोडी वर. पण साठ जणांना पगाराप्रमाणे रांगेत उभं केलं तर मधोमधच्या मुलाचा आकडा येतो साडेतीन लाख. याला मध्यक म्हणतात. शंभरांपैकी चाळीस जण तर रांगेतच नाहीत.

मध्यक शोधायला फार कष्ट नाहीत. केंद्र सरकारच्या एनआयआरएफ क्रमवारीसाठी कॉलेजांना दर वर्षी किती मुलं पास झाली, किती जणांना नोकरी लागली आणि त्यांच्या पगाराचा मध्यक किती, ही माहिती भरून द्यावी लागते. भाग घेणारी कॉलेजं ती आपल्या संकेतस्थळावर ठेवतात. फलकासमोर उभं राहण्यापेक्षा त्या तक्त्यासमोर दहा मिनिटं बसलेलं बरं.

तीन लाख साठ हजार येतात कुठून

मोठ्या आयटी सेवा कंपन्यांचा धंदा समजला की हा आकडा समजतो. अमेरिकेतली बँक किंवा विमा कंपनी आपलं सॉफ्टवेअर सांभाळायचं काम पुण्यातल्या कंपनीला देते आणि बऱ्याचदा माणसाच्या तासांप्रमाणे पैसे मोजते. समजा तासाला 20 डॉलर दर ठरला. महिन्याचे 160 तास धरले तर 3,200 डॉलर होतात. डॉलर 85 रुपयांना धरला तर दोन लाख बहात्तर हजार. आणि त्या खुर्चीवर बसलेल्या मुलावर कंपनीचा खर्च तीस हजार! हे गणित कॉलेजच्या कट्ट्यावर कुणीतरी मांडतोच आणि सगळे चिडतात.

पण या रकमेतून बरंच काही भागवायचं असतं. ज्याचे तास क्लायंटला लावता येतात तो 'बिलेबल'. फ्रेशर पहिले काही महिने ट्रेनिंगमध्ये असतो, मग 'शॅडो' म्हणून कुणाच्या तरी शेजारी बसतो. त्या काळात त्याच्यामागे एक डॉलरही येत नाही. काही माणसं पुढच्या प्रोजेक्टची वाट पाहत 'बेंच'वर असतात, त्यांचा पगार चालूच असतो. मॅनेजर, 'ऑनसाइट' म्हणजे क्लायंटच्या देशात गेलेले, धंदा आणणारे, इमारती, लॅपटॉप, बस हे सगळं त्यातच. एवढं करूनही टीसीएससारख्या कंपनीला शंभर रुपयांच्या उत्पन्नामागे चोवीस-पंचवीस रुपये परिचालन नफा राहतो, इन्फोसिसला एकवीसच्या आसपास. म्हणजे चिडणाऱ्या मुलांचंही अगदीच चूक नाही.

हा नफा टिकतो तो 'पिरॅमिड'मुळे. वर थोडे महागडे अनुभवी लोक, खाली भरपूर स्वस्त नवे. तळाचा थर सतत ताजा ठेवला की एकूण सरासरी खर्च आटोक्यात राहतो. आणि तळाच्या थराचा भाव चढत नाही, कारण उमेदवार भरपूर. टीसीएसच्या 'निंजा' श्रेणीचं पॅकेज 3.36 लाख, विप्रोचं 'एलीट' साडेतीन, इन्फोसिसच्या सिस्टम इंजिनिअरचं 3.6. दशकाहून अधिक काळ हा आकडा याच घरात घुटमळतो आहे. या काळात महागाई थांबलेली नव्हती. 2012 साली 100 धरलेला ग्राहक किंमत निर्देशांक 2025 मध्ये 190 च्या पुढे होता. म्हणजे आजचे साडेतीन लाख तेव्हाच्या पावणेदोन-दोन लाखांएवढे. आकडा तोच राहिला, पगार मात्र निम्म्यावर आला.

गाळणी

मग तळाच्या थरातून वरच्या श्रेणीत कोण जातं? इथे कंपन्यांनी गाळण्या लावल्या आहेत. पहिली गाळणी कागदाची: दहावी, बारावी आणि डिग्रीला साधारण 60 टक्के, आणि 'लाइव्ह बॅकलॉग' नको, म्हणजे एकही विषय राहिलेला नको. दुसरी ऑनलाइन परीक्षेची: अंकगणित, तर्क, इंग्रजी आणि मग कोडिंग. टीसीएसची एनक्यूटी ही यातली मोठी परीक्षा. तिच्या गुणांवर एकाच कंपनीत तीन वेगवेगळ्या रांगा लागतात: 'निंजा' 3.36 लाख, 'डिजिटल' सात लाखांच्या आसपास, 'प्राइम' नऊ लाख किंवा वर. इतर कंपन्यांतही अशीच उतरंड. तिसरी गाळणी मुलाखतीची.

एकाच बाकावर बसणाऱ्या दोन मुलांच्या पगारात दुपटीचा फरक पडतो तो बहुतांशी कोडिंगच्या तासाभरात. तिथे कॉलेजचं नाव चालत नाही. पण डिग्री कोणती, हे चालतं. बीसीए, बीएस्सी कंप्युटर सायन्स झालेल्यांसाठी वेगळं दार आणि वेगळा दर असतो. ऑगस्ट 2024 मध्ये कॉग्निझंटच्या 2.52 लाखांच्या ऑफरवरून देशभर खिल्ली उडाली. तो दर तीन वर्षांच्या बिगर-अभियांत्रिकी पदवीधरांसाठी असून इंजिनिअरांना चार लाखांपासून पुढे देतो, असा खुलासा कंपनीला करावा लागला. नाशिकच्या ज्या घरांना इंजिनिअरिंगची फी झेपत नाही त्यांची मुलं याच दाराने आत जातात.

भरती-ओहोटी

मराठीत नोकरभरतीला आणि समुद्राच्या उधाणाला एकच शब्द आहे, हे आयटीच्या बाबतीत फार नेमकं आहे.

2020-21 मध्ये कोविडने सगळं जग ऑनलाइन ढकललं. अमेरिकेत व्याजदर जवळजवळ शून्यावर होते, पैसा स्वस्त होता, क्लायंट कंपन्यांनी नव्या प्रोजेक्टांवर हात सैल सोडला. इकडे माणसं कमी पडू लागली. एकट्या टीसीएसने 2021-22 या वर्षात एक लाख फ्रेशर घेतले. अनुभवी लोक इकडून तिकडे उड्या मारू लागले. सोडून जाणाऱ्यांचं प्रमाण, ज्याला 'अॅट्रिशन' म्हणतात, ते इन्फोसिसमध्ये जून 2022 ला 28.4 टक्के झालं, टीसीएसमध्ये सप्टेंबर 2022 ला 21.5 टक्के. माणूस जाणार म्हणून बदली माणूस आधीच घेऊन ठेवायचा, तोही जाईल म्हणून आणखी एक, असं चाललं होतं.

ओहोटी लागली ती वॉशिंग्टनहून. महागाई आवरायला अमेरिकेच्या फेडरल रिझर्व्हने मार्च 2022 पासून दर वाढवायला घेतले. जुलै 2023 पर्यंत ते शून्याजवळून सव्वापाच-साडेपाच टक्क्यांवर गेले. पैसा महाग झाला की आधी पुढे ढकलली जातात ती 'करूच, पण आत्ताच नको' अशी कामं, आणि आपल्याकडच्या नव्या नोकऱ्या नेमक्या त्याच कामांवर असतात. 2023-24 संपताना टीसीएसमध्ये वर्षभरात 13,249 माणसं कमी झाली होती. 2004 साली शेअर बाजारात आल्यापासून पूर्ण वर्षात संख्या घटण्याची ही पहिलीच वेळ. इन्फोसिसमध्ये 25,994 घटली. यात कुणाला काढण्यापेक्षा गेलेल्यांच्या जागा न भरणं जास्त होतं.

ओहोटीत पहिला फटका बसतो तो हातात ऑफर लेटर असून रुजू न झालेल्यांना. फेब्रुवारी 2023 मध्ये विप्रोने साडेसहा लाखांची ऑफर दिलेल्या मुलांना साडेतीन लाखांत येता का, असं विचारलं. इन्फोसिसने 2022 मध्ये निवडलेल्या काही मुलांना दोन वर्षांहून जास्त थांबावं लागलं. त्यातले काही 2024 च्या अखेरीस म्हैसूरच्या ट्रेनिंग कॅम्पसमध्ये पोचले आणि फेब्रुवारी 2025 मध्ये अंतर्गत परीक्षेत नापास झाले म्हणून 300 हून अधिक प्रशिक्षणार्थींना निरोप मिळाला. उन्हाळ कांदा भाव येईपर्यंत चाळीत ठेवतात, तसा हा प्रकार. फरक इतकाच, की चाळीतल्या कांद्याची घट शेतकऱ्याच्या अंगावर पडते आणि इथली घट मुलाच्या अंगावर. ऑफर लेटर म्हणजे नोकरी नव्हे. रुजू होण्याची तारीख आली, कंपनीचा लॅपटॉप हातात पडला की नोकरी.

लागवड आणि भाव

कांद्याचा विषय निघालाच आहे, तर मला खरं सांगायचं आहे ते इथेच सांगतो.

लासलगावच्या लिलावात एखाद्या वर्षी भाव कडाडतो. पुढच्या हंगामात निफाड, येवला, चांदवड, सगळीकडे कांदाच कांदा. चार महिन्यांनी तो एकदम बाजारात येतो आणि भाव पडतो. मग पुढच्या वर्षी लागवड घटते आणि भाव पुन्हा चढतो. चूक कुणा एकाची नसते. प्रत्येक जण समोरचा भाव बघून शहाणपणानेच निर्णय घेतो. पण लागवड आजच्या भावावर होते आणि विक्री उद्याच्या भावाने.

इंजिनिअरचं पीक चार महिन्यांचं नाही, चार वर्षांचं आहे, एवढाच फरक. हार्वर्डचे अर्थतज्ज्ञ रिचर्ड फ्रीमन यांनी 1976 सालीच अमेरिकेतल्या नव्या इंजिनिअरांच्या संख्येचा आणि त्यांच्या सुरुवातीच्या पगाराचा हाच हेलकावा दाखवून दिला होता. पगार चढला की प्रवेश वाढतात, चार वर्षांनी पदवीधरांचा लोंढा येतो, पगार बसतो, प्रवेश घटतात.

आता आपल्याकडची वर्षं लावून पाहा. 2021 च्या उधाणात ज्यांनी कंप्युटर, आयटी, एआय-डीएस (कृत्रिम बुद्धिमत्ता आणि डेटा सायन्स) असे पर्याय भरले, ती बॅच 2025 मध्ये बाहेर पडली. तिच्या वाट्याला ऐन ओहोटी आली. आणि लागवडीवरचा एक बांधही मोडला आहे. पूर्वी एका शाखेत साधारण 240 जागांची मर्यादा होती. तंत्रशिक्षण परिषदेने, म्हणजे एआयसीटीईने, 2024-25 पासून चांगली कामगिरी असलेल्या कॉलेजांसाठी ती काढून टाकली. ज्या शाखेला मागणी तिथे जागा वाढणार, हे सांगायला ज्योतिषी नको. त्या जागांवरची मुलं 2028 आणि नंतर बाजारात येतील. तेव्हाचा भाव आज कुणालाच माहीत नाही.

दोन वर्षांनंतर

पहिली नोकरी लागली की पगाराचं गणित बदलतं. जागेवर बसून मिळणारी वाढ बहुधा एक आकडी टक्क्यांत. कंपनी बदलली तर तीस-चाळीस टक्के मागायचे, अशी रीत पडली आहे. म्हणून दोन-अडीच वर्षं झाली की पोरं नोकरी-डॉट-कॉमवरचं प्रोफाइल ताजं करतात आणि एक दिवस 'पेपर टाकतात'.

इथे आडवा येतो नोटिस पिरियड. मोठ्या सेवा कंपन्यांत तो बहुधा 90 दिवसांचा. नव्या कंपनीला माणूस आत्ता हवा असतो, तो तीन महिन्यांनी मोकळा होणार. म्हणून राजीनामा आधी द्यायचा, मग 'लास्ट वर्किंग डे' सांगत मुलाखती द्यायच्या, एक ऑफर हातात ठेवून दुसरीकडे वाढवून मागायची, असा खेळ चालतो. कंपन्यांनाही हे ठाऊक असतं. दहांना ऑफर दिली तर किती येतील याचा अंदाज बांधूनच त्या ऑफर देतात. भरतीच्या दिवसांत हा खेळ उमेदवाराच्या बाजूने झुकतो. ओहोटीत पुढची ऑफर न धरता पेपर टाकणं म्हणजे पाणी न बघता उडी.

दोन गोष्टी तरुणांनी लक्षात ठेवाव्यात. एक, पीएफचा यूएएन क्रमांक आयुष्यभर एकच राहतो आणि कोणत्या कंपनीत कधीपासून कधीपर्यंत होता, याची नोंद त्यात राहते. पार्श्वभूमी तपासताना ती पाहिली जाते, तेव्हा बायोडेटात अनुभवाचं एखादं वर्ष फुगवणं महागात पडतं. दोन, बाँड. 'अमुक वर्षांच्या आत सोडलंस तर एवढे पैसे' ही अट सरसकट बेकायदा असते, हा समज चुकीचा. मे 2025 मध्ये विजया बँकेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने तीन वर्षांची सेवा आणि न केल्यास दोन लाख रुपये, ही अट वैध ठरवली. बँक सरकारी होती आणि निवडीवर झालेला खर्च हा त्यातला मुद्दा होता. खासगी कंपनीची प्रत्येक अट तशीच टिकेल असं नाही. पण सही करण्याआधी रक्कम आणि मुदत वाचावी. आणि मूळ मार्कशीट ठेवून घेतो म्हणणाऱ्या कंपनीला प्रती द्याव्यात, मूळ कागद देऊ नयेत.

नाशिक की नाशिक फाटा

पिंपरी-चिंचवडमध्ये कासारवाडीजवळ नाशिक फाटा आहे. आपल्याकडून पुण्याला जाणाऱ्या बसमधली पोरं तिथे उतरतात आणि हिंजवडी, वाकडच्या दिशेने पांगतात. रविवारी रात्री द्वारकेला आणि नाशिकरोडला पाठीवर लॅपटॉपची बॅग घेतलेल्यांची गर्दी पाहिली की शहराची आयटी कुठे आहे ते कळतं. साधारण 210 किलोमीटरचा रस्ता. सरळ रेल्वेमार्ग अजून कागदावरच आहे; खोडदच्या महाकाय रेडिओ दुर्बिणीला बाधा येईल म्हणून त्याची आधीची आखणीही बदलावी लागली.

नाशकात आयटी नाहीच असं नाही. सातपूरला 2005 साली सुरू झालेल्या ईएसडीएसचं डेटा सेंटर आहे, विंजित इथलीच, डेटामॅटिक्स आणि डब्ल्यूएनएसची केंद्रं आहेत. पण अंबड एमआयडीसीत आयटीसाठी बांधलेली इमारत वर्षानुवर्षं रिकामी पडून राहिली. कंपन्या इमारतीसाठी येत नाहीत, माणसं बदलायची सोय असेल तिथे येतात. आणि माणसं कंपन्या बदलायची सोय असेल तिथे जातात. या दोन्ही वाटा पुण्यात मिळतात.

मग त्या तेवीस हजारांचं काय होतं? समजा हिंजवडीजवळ फ्लॅटमधला वाटा 7,000, मेस 4,500, जाणं-येणं 1,500, महिन्यातून दोनदा घरी यायचे 1,600 आणि किरकोळ 2,400. सतरा हजार गेले, सहा उरले. आता समजा नाशकातल्याच छोट्या कंपनीत हातात 17,000 येतात. घरचं जेवण, घरची खोली, पेट्रोल आणि किरकोळ मिळून 5,000. बारा हजार उरले. पहिल्या वर्षी छोटं पॅकेज जास्त शिल्लक टाकतं. आकडे ज्याने त्याने आपले घालून पाहावेत.

पण हे पहिल्या वर्षाचं झालं. तिसऱ्या वर्षी पुण्यातल्या मुलासमोर उडी मारायला दहा दारं असतात, नाशकातल्या मुलासमोर दोन. छोट्या कंपनीत मात्र सहा महिन्यांत खरा क्लायंट, खरा सर्व्हर, रात्री बंद पडलेली सिस्टम अंगावर येते. मोठ्या कंपनीच्या बेंचवर बसलेल्याला ते दोन वर्षांतही दिसत नाही. पहिली दोन वर्षं इथे काम शिकून मग फाट्यावर उतरणारे कमी नाहीत.

तळाचा थर

पुढे काय, हा प्रश्न सगळ्यांनाच आहे. जुलै 2025 मध्ये टीसीएसने सुमारे दोन टक्के, म्हणजे बारा हजारांवर माणसं कमी करण्याचं जाहीर केलं. रोख मधल्या आणि वरच्या फळीवर होता. कृत्रिम बुद्धिमत्तेची साधनं खालच्या थराचं काम करू लागली आहेत: चाचण्या लिहिणं, ठरावीक तक्रारींची तिकिटं निकाली काढणं, जुना कोड नव्या भाषेत आणणं. फ्रेशर आजवर हीच कामं करत शिकत आला. सप्टेंबर 2025 मध्ये अमेरिकेने नव्या एच-वन-बी व्हिसाच्या अर्जावर एक लाख डॉलर शुल्क लावलं, तेव्हा ऑनसाइटची शिडीही आखूड झाली.

दुसरीकडे परदेशी कंपन्यांची भारतातली स्वतःची केंद्रं, जीसीसी, वाढत आहेत. नॅसकॉम आणि झिनोव्हच्या हिशेबाने 2024 मध्ये ती 1,700 हून जास्त होती आणि त्यांत सुमारे 19 लाख माणसं होती. इथे मधली सेवा कंपनी नसते, म्हणून पगार बरा असतो. पण ती शेकड्याने फ्रेशर उचलत नाहीत, निवडून घेतात. थोडक्यात, घाऊक खरेदी घटते आहे आणि वेचून घेणं वाढतं आहे.

हे सगळं मी त्या मुलाच्या घरी तुकड्या-तुकड्यांनी सांगितलं. तो जुलैत पुण्याला रुजू होणार आहे. तेवीस हजार ऐकून आईचा चेहरा उतरला, पण तिने वहीत 'पीएफ आपलाच' असं लिहून ठेवलं. धाकटी बारावीला आहे. ती म्हणाली, "काका, मी सीईटीनंतर एआय-डीएस भरू का? आत्ता त्यालाच भाव आहे."

मी काही बोलायच्या आत तिचे वडील, जे तोवर गप्प होते, त्यांनी मान वर केली.

"भाव राहू दे," ते म्हणाले. "यंदा लागवड किती झालीय, ते कुठे कळेल?"

केंद्रीय प्रवेशप्रक्रियेच्या, म्हणजे कॅपच्या, संकेतस्थळावर कॉलेजवार, शाखावार जागांचा तक्ता असतो. मुलीने मोबाइल काढला आणि आम्ही दोन वर्षांचे आकडे शेजारी शेजारी लिहायला बसलो.